खिडकीहून लांब

रुमालात गुंडाळून आणलं होतं तिनं,
पडलेल्या दातासारखं. काउंटरवर ठेवलं.
पिवळट प्लास्टिक, बोटाच्या पेराहून जरा मोठं,
एक कान तुटलेला.
"ह्याला काय म्हणतात ठाऊक नाही.
हे पुढे जातं. बाकीचे मागून येतात."

आइली लेहतोनेन. डुलुथचा चढ काठी टेकत चढून आलेली.
फेब्रुवारी. सरोवर अजून पांढरं, बोटी बांधलेल्या.

मी म्हटलं, मास्टर कॅरिअर.
"मास्टर?" ती म्हणाली. "एवढंसं?"

हॅल्वरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं मला:
माल मग विक, आधी नावं पाठ कर.
लोक दुकानात हातवारे घेऊन येतात.
हवेत गोल काढतात, ती कडी.
मूठ वळतात, ते फिनिअल,
दांडीच्या टोकाचं बोंड, ज्याचं काम इतकंच
की कड्या गळू नयेत आणि पाहुण्यांनी विचारावं.
कोपर वाकवतात, तो रिटर्न,
दांडी वळून भिंतीकडे परत येते तो तुकडा.
परत येणं मी तेव्हापासून इंचांत मोजते.
साडेतीन. फार तर सहा.

खिडकी केवढी? "साठ इंच."
आणि दांडी?
"तेवढीच. रेइनोनं लावली, चौऱ्याहत्तर साली.
मापात चुकायचा नाही."

मी पिशवीच्या पाठीवर पेन्सिलीनं खिडकी काढली.
बघा, पडदा सारला म्हणून नाहीसा होत नाही.
चुण्या चुण्या होऊन कडेला उभा राहतो.
त्या गठ्ठ्याला जागा लागते. तिला स्टॅक-बॅक म्हणतात.
म्हणून दांडी खिडकीहून लांब घ्यायची,
दोन्हीकडे दहा-दहा इंच,
नाहीतर उघडा पडदासुद्धा काच खातो.

ती चित्राकडे बघत राहिली.
मग हातमोज्यातलं बोट डाव्या कडेवर ठेवलं.
"इथे दीपगृह आहे.
मला वाटायचं, ते मान वाकडी करूनच बघायचं असतं."

जीभ चावली मी.
कुणी न विचारता, एका शब्दात,
गेलेल्या माणसाचं माप काढून बसले होते.

हीटर घरघरत होता. तिनं बोट मधोमध सरकवलं.
"आणि इथे? दोघं भेटतात तिथे?"
ओव्हरलॅप, मी हळूच म्हटलं.
एक मास्टर पुढून जातो, एक मागून,
तीनेक इंच एकमेकांवरून.
नुसते टेकले तर फट राहते.
"त्यानं पाच केले होते. पक्कड घेऊन, स्टुलावर चढून.
पत्रा वाकवताना अंगठा कापला."
ती हसली. दात छोटे, सगळे स्वतःचे.
"खनिजाच्या धक्क्यावर होता. बोटी सुरू झाल्या की रात्रपाळी.
सकाळी सातला यायचा, कानात लाल धूळ,
आणि सरोवराचा सगळा उजेड उशीवर.
त्याला खिडकी नकोच होती गं.
रात्र हवी होती."

नावांच्या वहीत ह्याला रकाना नाही.

खणात शोधून मास्टर कॅरिअर दिला. दोन डॉलर.
शिवाय ऐंशी इंचाची नवी दांडी तिनं घेतली, "बैठकीत लावीन.
जुनी माझ्या खोलीत. आता झोप मला लागत नाही."
बोंडं नको म्हणाली. पाहुणे येत नाहीत.

दाराशी थांबून: "त्या गठ्ठ्याला काय म्हणालीस?"
स्टॅक-बॅक.
"स्टाक-पाक," तिनं पहिल्या अक्षरावर ठोकून म्हटलं,
खिळा ठोकावा तसं.

दांडी बसमध्ये उभी मावेना.
ड्रायव्हर खाली उतरला, टोपी मागे सारली,
आणि तपकिरी कागदातली ती लांबण
मधल्या वाटेत आडवी ठेवली.
काचेतून मला दिसत होतं,
दोन्हीकडच्या लोकांनी
बर्फाचे बूट वर उचलले,
आणि बस चढाला लागेपर्यंत
तसेच धरून ठेवले.